कापणीच्या सणाला दिलेली साक्ष

मला दोनदा टीबी झाला असं गावात म्हणतात. खरं तर एकदाच झाला. मधे मी गोळ्या सोडल्या होत्या. त्या का सोडल्या हे मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही, म्हणून तेच इथं लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा लहानपणापासून सुकतो. वहीपुढं तेवढं होत नाही. आणखी कोणी बाई गोळ्या सोडायच्या विचारात असेल तर आमच्या प्रार्थनाघरातल्या पाळकबाईंनी तिला हे वाचून दाखवावं. माझं नाव सांगितलं तरी चालेल.

*

आमचं घर बोरी बुद्रुकच्या बाहेर, मळ्यात. रूथचे पप्पा पिकअप चालवतात, शेतकऱ्यांचा माल मार्केटला नेतात. रूथ आमची एकुलती एक मुलगी, महाळुंगे पडवळला दिलेली. मी टोमॅटोच्या तोडणीला जायचे. उन्हाळ्यात खोकला लागला तो जाईना. भरलेलं कॅरेट उचललं की दम लागायचा. तिसऱ्या प्रहरानंतर अंग कोमट व्हायचं, आणि सकाळी पुन्हा बरं वाटायचं, म्हणून मी दिवस ढकलले. आरोग्याचं काम बघणारी गावची आशाताई कविता एकदा बांधावरनं चालली होती. तिनं माझा खोकला ऐकला आणि परत फिरून आली. म्हणाली, "मावशी, ही डबी घ्या. उद्या सकाळची थुंकी यात द्यायची. लाजायचं नाय."

दोन दिवसांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला, आणि काही बोलायच्या आधी मला उठवून खिडकीपाशी बसवलं. तेव्हाच मला कळलं. मॅडम म्हणाल्या, "टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही."

ह्यांनी विचारलं, "हिच्या हातचं जेवायचं का?"

"जेवा की. जेवणातनं होत नाही. खोकल्यातनं, हवेतनं होतो. घरात वारं खेळतं ठेवा."

ते वाईट मनानं बोलले नव्हते. पण मी तिथंच होते, आणि सत्तावीस वर्षं माझ्याच हातचं जेवले होते. परत येताना त्यांनी पिकअपची त्यांच्या बाजूची काच खाली केली. मग मीही माझ्या बाजूची केली.

*

पहिले पंधरा दिवस मला गोळ्यांचीच भीती वाटायची. लघवी लाल झाली तेव्हा मी संडासात बसून रडले. मला वाटलं रक्तच चाललं. कविता म्हणाली, "अहो, गोळीचा रंग हाय तो! मी सांगितलं व्हतं की." तिनं सांगितलं असेल. त्या दिवसांत मला अर्धंच ऐकू यायचं.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पंधरा-वीस घरांची. पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. माझ्यासाठी प्रार्थना करायला सगळे आले, पण अंगणातच उभे राहिले. मी उंबऱ्याच्या आत आणि ते बाहेर. पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, तेवढे आत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

माझी मोठी जाऊ मार्था, तिला मी आक्का म्हणते. त्यांचं घर आमच्यापासून दोन शेतं सोडून. सासूबाई तिच्याकडे असतात. एका बुधवारी तिच्या घरी प्रार्थना होती. चहा झाला. सगळ्यांना स्टीलचे पेले, मला काचेचा ग्लास. नंतर तिनं तो कढत पाण्यानं धुतला आणि खिडकीत एकटा उपडा घातला. मी पाहिलं. तिनंही पाहिलं की मी पाहिलं. त्या दिवसापासून तिच्या घराची पायरी चढले नाही. ती रस्त्यात भेटली की मी पदर सारखा करायचे आणि पुढं जायचे.

*

दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासली. मॅडम हसून म्हणाल्या, "जंतू दिसत नाहीत. छान. आता अजून चार महिने." त्यांची पहिली दोन वाक्यं मी घरी आणली. तिसरं तिथंच राहिलं.

त्याच आठवड्यात आमचा कापणीचा सण होता. त्या दिवशी प्रत्येक जण शेतातलं, परड्यातलं काही ना काही देवापुढं आणतो. बाजरी, केळीचा घड, अंडी, कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि त्यात सगळ्यांना लहान मुलांसारखा आनंद. त्या वर्षी एवढा मोठा लाल भोपळा आला होता की शिमोनबाबा, आमच्यातले सगळ्यांत म्हातारे, ओरडले, "पाळकसाहेब, आधी उचलून दावा! मंग बोली लावतो!" पाळकसाहेबांनी उचलला, आणि खाली ठेवताना त्यांचा चष्मा पडला. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

लिलावाआधी साक्ष देतात. देवानं वर्षभरात काय केलं ते ज्याला सांगायचं त्यानं उभं राहून सांगायचं. मी कधी उभी राहिले नव्हते. त्या दिवशी उभी राहिले. म्हणाले, "प्रभूनं मला पुरतं बरं केलं. माझ्यात आता काही आजार नाही." सगळे "आमेन" म्हणाले. शिमोनबाबांनी डोळे पुसले. उपासनेनंतर बायका आल्या आणि त्यांनी माझे हात हातात घेतले. दोन महिने माझ्या हाताला कोणी हात लावला नव्हता. तेवढ्यासाठी मी आणखी दहा साक्षी दिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या तळहातावर घेतल्या आणि थांबले. मनात आलं, काल मंडळीपुढं बरी झाले म्हणाले. आज गोळी खाल्ली तर काल मी खोटं बोलले. आणि मी देवाचं नाव घेऊन बोलले, म्हणजे देवालाच खोटं पाडलं. मी गोळ्या मोरीत टाकल्या.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब स्वतः रोज बीपीची गोळी घेतात. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण मी विचारलं नाही. कमी बोलणाऱ्या माणसाचं हेच होतं. त्याच्या मनातली चूक बाहेर येत नाही, म्हणून तिला कोणी अडवतही नाही.

कविता रिकामी पाकिटं बघायला यायची. मी पाकिटं फोडायचे, गोळ्या मोरीत आणि पाकिटं तिच्या हातात. "घेतली ना मावशी?" "घेतली." खोटं ठरू नये म्हणून गोळ्या सोडल्या, आणि त्यापायी खोटं बोलायची सवय लागली. हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

*

नाताळाला रूथ आली. तिला सहावा महिना होता. चार दिवस माझ्या शेजारी झोपली, लहानपणी झोपायची तशी, गळ्यात हात टाकून. मला तेव्हाच कोरडा खोकला लागला होता. ती म्हणाली, "आई, परत?" मी म्हणाले, "चुलीचा धूर गं." जाताना म्हणाली, "आठव्यात येते मी. बाळंतपण तुझ्याकडंच."

पहिलं बाळंतपण माहेरी. मीही ह्यांना तेच सांगून ठेवलं होतं. दुपटी शिवायला घेतली होती.

जानेवारीत ताप परत आला. ब्लाउज सैल झाले, ते मी आतून टाके घालून आवळले, कोणाला दिसू नये म्हणून. एक दिवस खोकल्यावर फडक्यावर रक्ताचा दोरा दिसला. मी फडकं चुलीत टाकलं आणि प्रार्थनेला बसले. काय मागितलं ते खरं लिहिते. "प्रभू, मला बरं कर" असं मी म्हणत नव्हते. मी म्हणत होते, "प्रभू, माझी साक्ष खरी कर." मला जिवापेक्षा अब्रू प्यारी झाली होती, आणि तिकडं रूथ यायचे दिवस जवळ येत होते.

*

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. पुढं रांगेनं गुडघे टेकायचे. भाकर मिळते, मग एकच प्याला हातातनं हातात जातो. पाळकसाहेब प्रत्येकानंतर त्याची कड पांढऱ्या रुमालानं पुसतात. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी प्याला माझ्या हातात आला. जेवणाखाण्यातनं आजार जात नाही हे मॅडमनी सांगितलेलं मला आठवत होतं. पण रक्ताचा तो दोराही आठवत होता. मी प्याला ओठाला लावलाच नाही. तसाच शेजारी दिला. शेजारी मार्था आक्का होती.

आमच्या मंडळीत प्याला न घेण्याला अर्थ आहे. ज्याचं कोणाशी भांडण आहे आणि मिटलेलं नाही, तो घेत नाही. आधी मिटवायचं आणि मग घ्यायचं. सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या.

सोमवारी दुपारी आक्का मेथीची जुडी घेऊन दारात.

"सुनंदे, हाईस का?"

"या आक्का."

"बसाया न्हाई आले. काल प्याला का न्हाई घेतलास?"

मी तिच्या हातातली मेथीची जुडी घेतली.

"माझ्या हातात दिलास तसाच. साऱ्यांनी पाह्यलं. ती रेबेका मला दारातच म्हनली, काय वं मार्थाक्का, जावाजावांचं अजून मिटलं न्हाई व्हय? मला तोंड दावाया जागा ठिवली न्हाईस."

"तसं नाही आक्का."

"तसंच हाय! त्या ग्लासाचा राग हाय तुला. म्या येगळा ठिवला व्हता. व्हय, ठिवला. घरात म्हातारी सासू, मी घाबरले व्हते. चुकलं माझं. आता काय करू, पाया पडू? गुडघं दुखत्यात माझं. वाकले तर तुलाच उठवावं लागंल, आन् तुझ्या अंगात तर चिमणीयवढी ताकद."

मला हसू आलं. हसता हसता खोकला आला आणि थांबेना. मी फडकं तोंडाला लावलं. काढलं तेव्हा आक्कानं ते माझ्या हातातनं ओढून घेतलं आणि बघितलं.

ती खाली बसली. आक्का गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली.

"कवापासनं?"

"नाताळापासनं."

"आन् गोळ्या?"

मग मी सगळं सांगितलं. साक्ष, मोरी, रिकामी पाकिटं. सांगताना तिच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून मेथी निवडत होते.

"येडी का काय तू," ती म्हणाली. "देवाचं काय अडलं व्हतं गं तुझ्या साक्षीवाचून? आन् रूथ? ती पंधरा दिसांनी यायची ना?"

"हो."

"तिला ठावं हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"ऊठ. चप्पल घाल. हायेस तशी चल."

*

दुसऱ्यांदा दवाखान्यात जाणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. पहिल्यांदा मी आजारी होते. दुसऱ्यांदा मी गुन्हेगार होते. मॅडम रागावल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणाल्या, मधेच सोडलं की जंतू कधी कधी औषधाला दाद देत नाहीत. ते तपासावं लागेल. कविता शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी तुमच्यावर विश्वास ठिवला व्हता." ते मला मॅडमच्या रागापेक्षा जास्त लागलं.

औषध चालेल की नाही हे कळायला दिवस लागले. ते दिवस मी अंगणात शेवग्याखाली खाट टाकून काढले. रूथला फोन मीच केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, नाताळात मी तुझ्याजवळ झोपले होते." मी हो म्हणाले. तिनं फोन ठेवला. संध्याकाळी तिच्या सासूबाईंचा आला. "बाळातपन आमी करू. तुमी बऱ्या व्हा." चांगल्या बोलल्या. त्यानंतर अठरा दिवस रूथ माझ्याशी बोलली नाही. पुढं बोलली तेही हो-नाही एवढंच.

शेवग्याखाली पडल्या पडल्या मला क्रुसावर जायच्या आदल्या रात्रीची प्रभू येशूची ती बागेतली वेळ आठवायची. दुःख टळावं म्हणून त्यानं देवबापाजवळ मागितलं होतं. घामाघूम होऊन मागितलं. सोबतीचे शिष्य झोपून गेले. आणि जे मागितलं ते मिळालं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्याचं मागणं पुरं झालं नाही म्हणून त्याचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणत नाही. मग माझा खोकला राहिला म्हणून मी देवाला खोटं पाडलं असं मला का वाटलं? तोवर मला वाटायचं, प्रभू बऱ्या झालेल्या माणसांच्या बाजूला उभा असतो आणि मला तिकडं पळत जायचं आहे. आता वाटतं, तो दवाखान्याच्या बाकावर डबी हातात धरून बसलेल्यांत बसतो. मी शहाणी नाही, माझं चुकत असेल. माझ्या आजाराचा हेतू काय, हे मला अजूनही कळलेलं नाही. आणि माझ्या चुकीचा भार त्यानं उचलला तरी चूक माझीच, हेही मी विसरत नाही.

औषध चालेल असा निरोप आला तेव्हा हे ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. गोळ्या बंद केल्याचं कळल्यापासून ते मला एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पिकअप काढायच्या आधी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापुढं उभे. "गिळ. आता तोंड उघड. जीभ वर कर." बैलाचे दात बघावेत तसं वाकून बघायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

*

रूथची तपासणी झाली. काही निघालं नाही. पण पुढं लक्ष ठेवायला सांगितलं आहे, आणि ते ओझं माझ्या उरावर रोज असतं. तिला माहेरीच यायचं होतं. आक्का एकटी एसटीनं महाळुंग्याला गेली आणि तिला घेऊन आली, स्वतःच्या घरी. सासूबाईंची खाट ओसरीवर काढून आतली खोली तिला दिली. "मोठ्या आईचं घर म्हंजी म्हायेरच की," म्हणाली. मी आक्काच्या अंगणातनं रूथला पाहिलं. तिनं पोटावर हात ठेवला होता. मला बघून तिनं हात हलवला नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी प्रार्थनाघरात गेले नाही, दारात उभी राहिले, तोंडाला मास्क लावून. साक्षीची वेळ नव्हती. मी हात वर केला. म्हणाले, "कापणीच्या सणाला मी बरी झाले म्हणाले. मी बरी झाले नव्हते, बरी होत होते. मग गोळ्या टाकून दिल्या. मला टीबी आहे. गेल्या महिन्यात प्याला घेतला नाही तो म्हणून. आक्काचा काही दोष नाही."

कोणी आमेन म्हणालं नाही. पंख्याचा आवाज येत होता. मग शिमोनबाबांनी विचारलं, "आता गोळ्या घेतीस का न्हाई?"

"घेते बाबा."

"मंग बस जा सावलीत. लई वेळ उभी ऱ्हाऊ नगंस."

पाळकसाहेब म्हणाले, "मी रोज गोळी घेतो. ते मी मंडळीला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं." एवढंच बोलले आणि पुढची प्रार्थना सुरू केली. उपासनेनंतर रेबेका माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "सुनंदा, म्या पन शुगरच्या गोळ्या सोडल्यात. उपास-प्रार्थना झाली तवापासनं. आमच्या ह्यास्नी ठावं न्हाई." मंगळवारी आम्ही दोघी कविताकडं गेलो.

*

मार्च सरता सरता रूथला मुलगी झाली. मी तिला फोनवर पाहिलं, मग आक्काच्या अंगणातनं, उंबऱ्याबाहेर राहून. एप्रिलमध्ये माझी थुंकी तपासली. मॅडम म्हणाल्या, "जंतू नाहीत." मी लगेच म्हणाले, "अजून चार महिने." त्या हसल्या. बाळाला घेऊ का हे मी त्यांना विचारलं, बाळाच्या डॉक्टरांनाही सगळं सांगून विचारलं. दोघंही घ्या म्हणाले. तरी मी आठ दिवस गेले नाही.

नवव्या दिवशी आक्काच मला ओढून घेऊन गेली. खोलीत रूथ, माझ्या सासूबाई, आक्का. खिडक्या सताड उघड्या. रूथ खाली बघत होती. मग उठली, आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी तोंड बाजूला केलं, तशी ती म्हणाली, "आई, तिच्याकडं बघ तरी." एवढ्या दिवसांत माझ्याशी नीट बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

मी बघितलं. बाळ शिंकलं.

खोलीत सगळे थबकले. रूथनं हात पुढं केले आणि तिथंच थांबवले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

"शिंकली," आक्का म्हणाली. "तान्ही पोरं शिंकत्यात. धर नीट तिला, मान सांभाळ."

मी प्रभूचं नाव घेतलं आणि तिला धरून बसले. रूथनं पुढं केलेले हात हळूहळू खाली घेतले आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.